लॉरेन्स : एका गिरणीगावाची गोष्ट



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा विषय माझ्यावरच सोपवला होता. हा कामगार संघटनेचा माणूस बोनस, महागाईभत्ता आणि नवे कामगार कायदे यांवर बोलेल, अशी त्यांची अटकळ असावी. पण त्या विषयांवर मी वर्षातले तीनशे दिवस बोलतच असतो, आणि ऐकणारे बिचारे फाटकाशी उन्हात उभे असतात. आपण खुर्च्यांवर बसला आहात, वारा सुटला आहे, तेव्हा आज आपल्याला जरा लांब न्यावे असे मनात आले.

अमेरिका म्हटली की आपल्यापुढे न्यूयॉर्कच्या इमारती येतात, किंवा ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांच्यापुढे न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया. मी सांगणार आहे ते गाव त्यांतले नव्हे. मॅसॅच्युसेट्स राज्यात बॉस्टनच्या उत्तरेला मेरिमॅक नावाची नदी आहे. तिच्या दोन्ही काठांवर वसलेले हे लॉरेन्स. विस्तार सात चौरस मैलांच्या आसपास. लोकवस्ती १९१० साली ८५,८९२ होती आणि २०२० साली ८९,१४३. एकशेदहा वर्षांत वाढ तीन हजारांची. आकडा जवळजवळ तोच राहिला, माणसे मात्र सगळी बदलली. त्या बदलाचीच ही गोष्ट आहे.

मी तेथे गेलेलो नाही, हे आधीच सांगतो. शाळा आठवीत सुटली. इंग्रजी शिकलो ते कामगार न्यायालयाचे निवाडे शब्दकोश मांडीवर घेऊन वाचताना. लॉरेन्सची ओळखही अशीच कागदांतून झाली. अमेरिकेच्या काँग्रेसपुढे तिथल्या गिरणी कामगारांनी दिलेल्या साक्षी छापलेल्या आहेत. त्या वाचता वाचता मी या गावात अडकलो, तो अडकलोच.

आपली गावे कशी वसतात? कुठे पाणी असते, कुठे पेठ भरते, कुठे देऊळ असते; माणसे येतात आणि मग गाव होते. लॉरेन्सचे उलटे झाले. बॉस्टनच्या काही भांडवलदारांनी १८४५ साली एसेक्स कंपनी काढली, नदीकाठची शेते विकत घेतली आणि नदीवर दगडी धरण बांधले. सुमारे नऊशे फूट लांबीचे ते धरण १८४८ साली पुरे झाले आणि आजही उभे आहे. धरणाने पाणी अडवले, कालव्यांनी ते गिरण्यांपर्यंत नेले, आणि कंपनी गिरण्यांना जागा विकू लागली तशीच पाण्याची शक्तीही मापून विकू लागली. म्हणजे आधी धरण, मग कालवा, मग गिरणी आणि सगळ्यांत शेवटी माणूस. गावाला नाव मिळाले ते कंपनीचे अध्यक्ष ॲबट लॉरेन्स यांच्या घराण्याचे. १८५३ साली नगरपालिका झाली तेव्हा पहिला महापौर कोण, तर कंपनीचाच मुख्य इंजिनिअर चार्ल्स स्टोरो. मालक कोण आणि नगरपिता कोण, हा प्रश्न लोकांना पडायला नको, अशी सोयच झाली होती.

धरणावर राबले ते मुख्यतः आयरिश. बटाट्याच्या पिकावर रोग पडून मायदेशी दुष्काळ झाला, म्हणून ते आले होते. त्यांच्या मागोमाग इंग्लंडचे विणकर आले, कॅनडातले फ्रेंच आले, जर्मन आले. पुढे इटालियन, पोलिश, लिथुआनियन, ज्यू, आर्मेनियन, पोर्तुगीज, बेल्जियन आणि त्या काळी ज्यांना सिरियन म्हणत ते आजच्या लेबनॉनकडचे लोक. ज्याचा देश जळतो, बुडतो किंवा उपाशी मरतो त्याने लॉरेन्सला यावे, असा क्रमच लागला. ‘स्थलांतरितांचे शहर’ हे नाव त्याला त्यामुळेच पडले.

गिरणीने माणूस कसा वापरला ते एका प्रसंगावरून कळते. १० जानेवारी १८६० रोजी पेम्बर्टन नावाची पाच मजली गिरणी कामगार आत असताना संध्याकाळी एकाएकी कोसळली. इमारतीला सात वर्षेही नीट झाली नव्हती. बिडाचे खांब सदोष ओतलेले, आणि त्यांच्यावर यंत्रांचा भार नको तितका चढवलेला. ढिगाऱ्याखालून माणसे काढण्याचे काम रात्री चालू असताना एक कंदील उलटला आणि आग लागली. मेलेल्यांची मोजदाद वेगवेगळी सांगतात; शंभराच्या आसपास धरावी. चौकशी झाली, इंजिनिअरला दोष दिला गेला, शिक्षा कोणालाही झाली नाही. गिरणी त्याच जागी पुन्हा बांधली. ‘बीड’ हा शब्द आपण ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी या गावावर अमेरिकन वूलन कंपनीचे राज्य होते आणि तिचा प्रमुख होता विल्यम वुड. हा स्वतः एका गरीब पोर्तुगीज दर्यावर्द्याचा मुलगा. बाप वारल्यावर लहानपणीच कामाला लागलेला. माझा अनुभव असा की खालून वर गेलेला मालक कामगाराला अधिक समजून घेईल, ही आपली भाबडी आशा असते. तो म्हणतो, मी चढलो, तुम्ही का चढत नाही? वुडने स्वतःच्या नावाची प्रचंड गिरणी उभारली, शेजारी सासऱ्याच्या नावाची आयर गिरणी बांधली आणि तिच्या मनोऱ्यावर असे घड्याळ बसवले की त्याच्या तबकड्या लंडनच्या बिग बेनपेक्षा जेमतेम काही इंचांनी लहान.

आता १९१२ च्या जानेवारीकडे येऊ. मॅसॅच्युसेट्स राज्याने कायदा केला की १ जानेवारीपासून बायका आणि मुले यांच्याकडून आठवड्याला ५६ ऐवजी ५४ तासच काम घ्यावे. कायदा चांगला होता. पण कामगारांना पुरुष–बायका असे वेगळे करून गिरणी चालत नाही, म्हणून सगळ्यांचेच तास दोनने उतरले आणि तेवढा पगारही कापला गेला. सरकारने नंतर चौकशी केली तेव्हा पूर्ण आठवडा भरणाऱ्याची सरासरी कमाई पावणेनऊ डॉलर निघाली, आणि जवळजवळ तिसरा हिस्सा कामगार सात डॉलरच्या खाली होता. कापले गेले ते सुमारे ३२ सेंट. वर्तमानपत्रवाल्यांना ही रक्कम क्षुल्लक वाटली. घरात ती तीन-चार पावांची होती. ज्याच्या ताटात मुळात पाव आणि काकवी एवढेच आहे, त्याच्या हिशोबात तीन पाव म्हणजे काय, हे मी आपल्याला सांगायला नको.

११ जानेवारीला एव्हरेट गिरणीतल्या पोलिश बायकांनी पगाराची पाकिटे उघडली, मोजली, आणि साचे थांबवून त्या बाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी वुड गिरणीतले इटालियन कामगार बाहेर आले. आठवड्याभरात वीस हजारांवर माणसे रस्त्यावर होती.

माझ्या धंद्याच्या माणसाला यापुढचा भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो. दोन डझन भाषा बोलणारी ही माणसे. जुनी, कारागिरांची संघटना यांना संघटनेत घ्यायलाच तयार नव्हती. तिचे पुढारी उघड म्हणत की ही अडाणी परदेशी माणसे संघटित होऊच शकत नाहीत. ‘इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड’ या जहाल संघटनेने जोसेफ एटोर या सव्वीस वर्षांच्या तरुणाला पाठवले. त्याला इंग्रजीबरोबर इटालियन आणि पोलिशही येत असे. त्याने पहिले काम भाषणाचे केले नाही, समितीचे केले. चौदा जमाती, दर जमातीचे चार प्रतिनिधी, अशी छप्पन्न जणांची संपसमिती; आणि त्यातला प्रत्येकजण पकडला गेला तर त्याच्या जागी बसायला दुसरा तयार. एकेक ठराव प्रत्येक भाषेत सांगितला जाई. वेळ फार लागे. पण ज्याला आपल्या भाषेत विचारले जाते तो मनुष्य घरी जाऊन बायकोला सांगू शकतो की मी हो म्हटले ते कशाला म्हटले. भाषांतराला लागणारा वेळ वाया जातो असे समजणारे पुढारी मी आपल्याकडेही पाहिले आहेत. त्यांचे संप तिसऱ्या आठवड्यात फुटतात.

गिरणीसमोर घोळका करून उभे राहिले की पोलीस धरीत. मग कामगार हजारोंच्या संख्येने, हातांत हात घालून, गिरण्यांच्या भोवती सतत चालत राहू लागले. जो चालतो आहे त्याला ‘उभा राहिलास’ म्हणून कसे धरणार? कडाक्याच्या थंडीत त्यांच्यावर बंबाचे पाणी सोडले. राज्याची फौज आली. तीत हार्वर्ड विद्यापीठाचे विद्यार्थीही बंदुका घेऊन उभे होते. फ्रेंच आणि बेल्जियन कामगारांचा सहकारी सभागृहवजा अड्डा होता, तिथे भटारखाना आणि लंगर चालू झाले. एलिझाबेथ गर्ली फ्लिन ही एकवीस वर्षांची बाई बायकांच्या वेगळ्या सभा घेई. कारण नवरे संपात असले तरी बायकोने सभेला जाणे त्यांना रुचत नसे. क्रांती फाटकाबाहेर, घरात नको. हा रोग काही अमेरिकेचाच नाही.

मालकांच्या बाजूनेही युक्त्या झाल्या. गावात तीन ठिकाणी डायनामाइट सापडले आणि वर्तमानपत्रांनी संपवाल्यांच्या नावाने आरोळी ठोकली. नंतर कळले की ते नेऊन ठेवणारा जॉन ब्रीन हा शाळा समितीचा सभासद, गावातला प्रतिष्ठित. त्याला पाचशे डॉलर दंड झाला. वुडवरही खटला भरला गेला. १९१३ साली तो सुटला. २९ जानेवारीला ॲना लोपिझो ही कामगार बाई गोळी लागून ठार झाली. गोळी पोलिसाची होती असे साक्षीदार सांगत होते. पण पकडले कोणाला, तर तेथून दोन मैलांवर असलेल्या एटोरला आणि त्याचा सहकारी, कवी जिओव्हानित्ती याला. त्यांनी चिथावणी दिली, म्हणून ते खुनातले साथीदार! नोव्हेंबरअखेर ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले, पण तोपर्यंत दहा महिने ते तुरुंगात होते. बाईच्या मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी जॉन रॅमी हा सिरियन पोरगा सैनिकाच्या संगिनीने मेला. त्याबद्दल कोणाला धरले नाही.

घरात अन्न संपत आले तेव्हा आयांनी मुले दुसऱ्या गावच्या कामगारांकडे पाठवायचे ठरवले. १० फेब्रुवारीला ११९ मुले न्यूयॉर्कला गेली. त्यांच्याबरोबर मार्गारेट सँगर ही परिचारिका होती, जिने पुढे संततिनियमनाच्या चळवळीत नाव कमावले. तिने साक्षीत सांगितले की ११९ मुलांपैकी चौघांच्याच अंगात आतले कपडे होते. लोकरीच्या गिरणीगावातली मुले, भर फेब्रुवारीत, आणि अंगावर लोकर नाही! २४ फेब्रुवारीला आणखी मुले फिलाडेल्फियाला निघाली तेव्हा स्टेशनवर पोलिसांनी बायकापोरांना मारले आणि गाडीत कोंबून नेले. साऱ्या देशात ओरड झाली आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात काँग्रेसच्या समितीपुढे सुनावणी लागली.

तेथे कमेला टिओली नावाची चौदा वर्षांची इटालियन मुलगी उभी राहिली. तिने सांगितले ते असे : एक माणूस घरी आला आणि बापाला म्हणाला, चार डॉलर दे, मुलगी चौदाची असल्याचा मायदेशचा कागद आणून देतो. ती तेव्हा तेराची होती. बापाने पैसे दिले. गिरणीत लागून थोडेच दिवस झाले आणि यंत्रात तिचे केस अडकून डोक्याची कातडी सोलली गेली. सात महिने ती इस्पितळात होती. इस्पितळाचे बिल कंपनीने दिले, पगार दिला नाही. मग संपात का गेलीस, असे समितीने विचारले, तर तिचे उत्तर एका ओळीचे होते : घरी खायला पुरत नव्हते म्हणून. समोरच्या श्रोत्यांत अध्यक्ष टाफ्ट यांची पत्नी बसलेली होती.

त्यानंतर मालक नरमले. १४ मार्चला गावच्या मोकळ्या मैदानावर कामगारांनी तडजोड मान्य केली. वाढीचा हिशोब पाहा : ज्याला सर्वांत जास्त पगार त्याला पाच टक्के, आणि ज्याला सर्वांत कमी त्याला वीस टक्क्यांहून अधिक. आजन्म करार वाचत आलो आहे. तळाच्या माणसाला सर्वांत जास्त देणारा करार क्वचितच पाहिला. संघटना मात्र टिकली नाही. वर्ष-दोन वर्षांत तिचे सभासद ओसरले. लढवय्या पुढारी दुसऱ्या गावच्या संपावर गेले आणि पावत्या फाडायला, खात्याखात्यांतल्या तक्रारी ऐकायला कोणी उरले नाही. ही त्यांची मोठी चूक होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता खरी गोष्ट सुरू होते. एवढे सगळे घडले आणि हे गाव ते विसरून गेले. म्हणजे काळाने धूळ चढली असे नव्हे, ठरवून विसरले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गावच्या प्रतिष्ठितांनी ‘देव आणि देश’ यांच्या नावाने प्रचंड मिरवणूक काढली. संप म्हणजे देवद्रोह, देशद्रोह आणि परदेशी माणसांचा दंगा, हे चर्चमध्ये, शाळेत, वर्तमानपत्रात सांगितले गेले. गिरणीत संपवाल्यांची नावे टिपलेली. आपण अमेरिकन आहोत हे सिद्ध करायची घाई प्रत्येकाला झालेली. ॲना लोपिझोच्या थडग्यावर नावाचा दगड बसायला २००० साल उजाडले. अठ्ठ्याऐंशी वर्षे!

सत्तरच्या दशकात पॉल कॉवन नावाचा पत्रकार तेथे गेला आणि त्याने कमेला टिओलीच्या मुलीला शोधून काढले. आई तेव्हा हयात नव्हती. मुलीने सांगितले की आईच्या डोक्यावर मोठे टक्कल होते आणि ते झाकेल असा अंबाडा मी रोज घालून देई. पण आई वॉशिंग्टनला गेली होती, काँग्रेसपुढे बोलली होती, संपात होती, यातले अक्षरही तिला माहीत नव्हते. रोज तो व्रण हाताखाली येई आणि त्याची गोष्ट आईने कधी सांगितली नाही.

हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. माझे वडील मुंबईच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला जे अडीच लाख कामगार बाहेर पडले त्यांतले एक. मी तेव्हा शाळेत होतो. पुढे मी याच चळवळीत पडलो, तरी त्या संपाबद्दल ते माझ्याशी मोकळेपणी कधी बोलले नाहीत. विचारले की पानाचा डबा पुढे ओढीत आणि सुपारी कातरू लागत. ते विसरले होते असे नाही. हरलेल्याला बोलायला लाज वाटते असे मी समजत होतो. लॉरेन्सचे कामगार तर जिंकले होते, तरी त्यांनीही तोंड मिटले. तेव्हा हे हारजितीचे नसावे. मुलाने नोकरीला लागावे, त्याच्या नावापुढे कोणी खूण करू नये, यासाठी आईबाप स्वतःच्या आयुष्याचा सर्वांत उजळ भाग गिळून टाकतात.

लॉरेन्सचे तोंड उघडले त्यात एका चित्रकाराचा वाटा आहे, आणि तो आमच्याच धंद्यातला. राल्फ फॅसनेला हा बर्फ विकणाऱ्या इटालियनाचा मुलगा. संघटनेचे काम केले, पेट्रोलपंप चालवला आणि चित्रकला कोणाकडे न जाता शिकला. १९७५ च्या सुमारास तो लॉरेन्समध्ये येऊन राहिला, म्हाताऱ्या कामगारांशी बोलला आणि संपाची मोठमोठी चित्रे काढली. माणसे मुंग्यांसारखी दाटलेली, गिरण्यांच्या खिडक्या एकेक मोजून घ्याव्यात अशा. त्यांतले एक चित्र संघटनांनी वर्गणी काढून घेतले आणि ते काही काळ वॉशिंग्टनला काँग्रेसच्या इमारतीत लागले होते. १९८० पासून गावात संपाची आठवण उघडपणे साजरी होऊ लागली. ‘भाकरी आणि गुलाब’ हे नाव त्या संपाला आज चिकटले आहे. खरे पाहता त्या नावाची जेम्स ओपनहाइमची कविता संपाच्या आधीच, डिसेंबर १९११ मध्ये छापली गेली होती. पण लोकांना नाव आवडले, आणि आवडलेले नाव इतिहासकाराच्या सांगण्यावरून कोणी टाकत नसते.

गिरण्या मात्र तोवर गेल्या होत्या. दक्षिणेत मजुरी स्वस्त, संघटना नाहीत, म्हणून मालक तिकडे गेले. पन्नाशीच्या दशकात अमेरिकन वूलनचा कारभार आटोपला. मोकळ्या पडलेल्या स्वस्त घरांत पोर्तो रिको आणि डॉमिनिकन प्रजासत्ताकातून स्पॅनिश बोलणारे लोक आले. जुन्या लोकांनी त्यांचे स्वागत कसे केले? १९८४ च्या ऑगस्टमध्ये टॉवर हिल भागात दोन रात्री दंगल झाली. ज्यांच्या आज्यांना ‘परदेशी घाण’ म्हणून बंबाच्या पाण्याने झोडपले, त्यांचे नातू नव्या लोकांवर दगड घेऊन उठले. १९१२ सालीही हेच होते. धरण बांधायला आलेल्या आयरिशांची पुढची पिढी तेव्हा पोलिसांच्या गणवेशात होती. आज या गावात दर दहा माणसांत आठ स्पॅनिशभाषक वंशाची आहेत आणि २००९ साली विल्यम लांटिग्वा हे मूळचे डॉमिनिकन गृहस्थ महापौर म्हणून निवडून आले. मॅसॅच्युसेट्समध्ये त्या समाजाचा असा महापौर पूर्वी झाला नव्हता. म्हणून सगळे सुरळीत झाले असे समजू नका. गाव गरीब आहे. २०११ साली तिथल्या शाळांचा कारभार राज्य सरकारने आपल्या हाती घेतला.

आणि आता ते बीड. १३ सप्टेंबर २०१८ ची संध्याकाळ. गॅस कंपनीचे कंत्राटदार लॉरेन्समध्ये जुने बिडाचे नळ बदलून नवे टाकीत होते. गॅसचा दाब किती आहे हे सांगणारी नळी जुन्या, बंद केलेल्या नळावरच राहिली. तिथला दाब उतरला. नियंत्रकाला वाटले गॅस कमी पडतो, म्हणून त्याने नव्या नळात गॅस सोडतच ठेवला. लॉरेन्स आणि शेजारच्या दोन गावांत घरांमागून घरे पेटली, स्फोट झाले. लॉरेन्समधला अठरा वर्षांचा मुलगा मेला, हजारो लोक रात्रीत घराबाहेर पडले आणि थंडी सुरू झाल्यावरही कित्येकांच्या घरी चूल आणि ऊब नव्हती. एवढा फरक मात्र झाला की पेम्बर्टनच्या वेळी कोणाला शिक्षा नव्हती. या वेळी कोलंबिया गॅस कंपनीने २०२० साली न्यायालयात गुन्हा कबूल केला, पाच कोटी तीस लाख डॉलर दंड भरला आणि तिला त्या राज्यातला धंदा विकून निघून जावे लागले.

गावची प्रसिद्ध माणसे सांगायची राहिलीच. संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइन १९१८ साली इथे जन्मला. रॉबर्ट फ्रॉस्ट, ज्यांच्या ओळी पंडित नेहरूंनी आपल्या टेबलावर ठेवल्या होत्या, ते इथल्याच हायस्कुलातून १८९२ साली बाहेर पडले आणि काही दिवस इथल्या गिरणीत दिव्यांची देखभाल करीत. गिरणीतून सुटून कवी होता येते, हे त्यांना जमले. सगळ्यांना जमत नाही.

आयर गिरणीचे ते घड्याळ चाळीसएक वर्षे बंद होते. लोकांनी देणग्या गोळा केल्या आणि १९९१ साली ते पुन्हा चालू झाले. त्या गिरणीच्या इमारतीत आता बुटांचा कारखाना आहे. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी अमेरिकेत कामगार दिन असतो. त्या दिवशी लॉरेन्सचे लोक जमतात ते ज्या मैदानावर १४ मार्च १९१२ ला तडजोड मान्य झाली त्याच मैदानावर. खाणेपिणे असते, गाणी असतात, संपाची हकीकत सांगणारे असतात. नगरपालिकेच्या इमारतीसमोर २०१२ साली संपवाल्यांचे स्मारकही उभे राहिले आहे. तिथे फिरणाऱ्या पोरांपैकी फार थोड्यांच्या आज्या त्या संपात होत्या. बहुतेकांच्या आज्या तेव्हा कॅरिबियन बेटांवर ऊस तोडणाऱ्यांच्या घरांत वाढत होत्या. तरी ती पोरे त्या संपाला आमचा संप म्हणतात. मला दिलेला वेळ संपला आहे. कोणाला काही विचारायचे असेल तर मी इथेच, खाली, पायरीवर बसलो आहे.